एकचराव

वाटाड्याने बोटांच्या पेरांनी दारावर दोनदा टकटक केली आणि मान वाकडी करून कान लाकडाला लावला. बाकीचे हसले. हसण्यासारखंच होतं ते. उन्हं नुकती कलायला लागलेली, पब चांगला जोरात सुरू, दाराला बसवलेल्या नव्या काचेतून आतली माणसं आणि त्यांचे ग्लास स्पष्ट दिसताहेत, आणि हा पठ्ठ्या आजाऱ्याच्या खोलीबाहेर उभं राहावं तसा कानोसा घेत उभा. त्याने सगळ्यांकडे बघत ओठांवर बोट ठेवलं, जरा वेळ जाऊ दिला आणि मग खांद्याने दार ढकललं. एकेक करून सगळे आत गेले. ती पायरीवरच राहिली. पायाखालची लिफ्ट एकदम सुटावी तसा तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला. ती टकटक तिच्या ओळखीची होती. पहिली जरा जड, दुसरी तिच्या पाठोपाठ हलकी, आणि मग तेवढाच थांबा, पलीकडे काही आहे की नाही हे कळण्यापुरता. असं दार वाजवणारा अख्ख्या जगात एकच माणूस होता. तो तिचा बाप होता, आणि त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

खरं म्हणजे ती असल्या भानगडीत पडणाऱ्यांतली नव्हेच. कानाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासायचे, संध्याकाळी घरी जायचं, आईला जेवायला वाढायचं, झालं. काम साधं. जाड भिंतींच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि आपण काचेच्या अलीकडे बसून बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज आला की दाबा, नाही आला तर दाबू नका. एवढी सोपी गोष्ट, पण ती भल्याभल्यांना जमत नाही. कित्येक जण आवाज नसतानाही दाबतात. नव्या पोरींना वाटतं हे लबाडी करताहेत. ती त्यांना समजावून सांगते, लबाडी नसते गं ती, ऐकू यावं असं इतकं वाटत असतं माणसाला की शेवटी येतंच. असलं सगळं ती शांतपणे सांगू शकते, कारण त्या खोलीत तिचं स्वतःचं असं काही नसतं. तर त्या दवाखान्यात बहिऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणारे काका निवृत्त व्हायचे होते. सगळ्यांनी विचारलं, काका, निरोपाला काय करू या? काका म्हणाले, भाषणं नकोत, भिंतीवरचं घड्याळ तर मुळीच नको, मला एकदा मनसोक्त बिअर पाजा म्हणजे झालं. मग काउंटरवर बसणाऱ्या मुलीने फोनमध्ये बोट फिरवून हे शोधून काढलं. शहरातली बिअर, पायी फिरत फिरत, सोबत माहिती सांगणारा वाटाड्या. डॉक्टर म्हणाले, मीसुद्धा येतो, पण दोन घोटांचा धनी. ती नाहीच म्हणत होती. तेव्हा काका तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही लिंबू सोडा घ्या, नाहीतर नुसतं पाणी प्या. पण या. तुम्ही नसलात तर मला चढायची नाही." काकांचा शब्द तिला मोडवला नाही.

पहिले दोन पब बरे गेले. वाटाड्या पोरगेलासा, बोलका, आणि त्याची एक खासियत होती. तो उलटा चालायचा. पाठ रस्त्याकडे, तोंड गिऱ्हाइकांकडे, आणि कशालाही न धडकता अखंड बोलणं चालू. पहिल्या ठिकाणी काचेआड तांब्याचा भलामोठा हंडा होता आणि सगळीकडे भिजलेल्या धान्याचा कोमट, जरा आंबूस वास कोंदलेला. वाटाड्याने ग्लास तिरका कसा धरायचा, ओतता ओतता सरळ कसा करायचा ते दाखवलं. "फेस बघून नाक मुरडू नका," तो म्हणाला, "फेस म्हणजे झाकण. खालची चव उडून जाऊ नये म्हणून." झाकण म्हटल्यावर तिला आईने झाकून ठेवलेलं ताट आठवलं आणि तिने तो विचार तिथेच सोडून दिला. दुसऱ्या पबमध्ये खुर्च्याच नव्हत्या. तिथे उभ्यानेच प्यायची रीत, बसला तो परका. काका खूश होते, डॉक्टरांचे दोन घोट पहिल्याच ठिकाणी संपून गेले होते, काउंटरवाली मुलगी प्रत्येक ग्लासाचा फोटो काढत होती. मग वाटाड्या उलटा चालत सगळ्यांना एका गल्लीत घेऊन आला. गल्लीला फरशी बसवलेली, गाड्यांना बंदी, कुंड्या मांडलेल्या. तिला कसंतरीच व्हायला लागलं. का ते समजेना. ऊन असेल, सोडा असेल. ही गल्ली तिने कायम दुसऱ्या टोकाकडून पाहिली होती, तेव्हा ती अंधारी आणि तेलकट होती, दार हिरवं होतं आणि दाराला काच नव्हती. आता उलट्या बाजूने, स्वच्छ, काळ्या रंगाच्या दाराची, ती तिला ओळखू आली नाही. टकटक झाल्यावर मात्र ओळख पटायला काही शिल्लकच राहिलं नाही.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच उंच इमारतींच्या लिफ्ट, त्यांचे दोर, त्यांची दारं. दाराला हात घालण्याआधी ठोकायचं आणि ऐकायचं, पलीकडे डबा आहे की नुसती पोकळी. डबा असला की आवाज भरीव येतो, पोकळी असली की आवाज खाली खाली जात राहतो. त्याच्या जोडीदाराने एकदा न ठोकता दार ओढलं आणि पाय आत टाकला. हे बापाने कधी सांगितलं नाही, आईने सांगितलं, तेही भांडी विसळताना, पाठमोरी राहून. त्या दिवसापासून तो प्रत्येक दार ठोकायला लागला. लिफ्टचंच नव्हे. दुकानाचं, न्हाणीघराचं, कपड्यांच्या कपाटाचंसुद्धा. खिशात किल्ली असली तरी स्वतःच्या घराचं दार दोनदा ठोकायचा आणि कान लावायचा. आई आतून म्हणायची, आहोत, आहोत आम्ही, या. तेवढंच त्या घरातलं बोलणं. आत येऊन तो घासलेटाने हात धुवायचा, मग साबणाने, मग पुन्हा एकदा साबणाने, आणि जेवायला बसायचा. ताटावरचं ताट आई उचलायची. मीठ हवं का, नको. उद्या लवकर जायचंय का, हो. दिवा मालवू का, मालव. त्या दोघांचं काही बिनसलेलं होतं अशातलाही भाग नव्हता. शब्द वापरायची सवयच नव्हती त्या घराला. काय हवं नको ते ज्याचं त्याने ओळखायचं, नाही ओळखता आलं तर मूग गिळून बसायचं.

"ताई, आत या ना," काउंटरवाली मुलगी दारातून म्हणाली. ती आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा गेली. जागा तिला वाटत होती त्याहून फारच लहान निघाली. लाकडी पट्ट्यांच्या भिंती, बिअरच्या नळांची पितळी रांग, खाऱ्या दाण्यांच्या वाट्या, आणि एका भिंतीला खुंट्यांवर टांगलेले जाड काचेचे मग. वाटाड्याने समजावून सांगितलं की इथल्या रोजच्या गिऱ्हाइकांचे मग इथेच असतात, ज्याचा त्याला. माणूस वारला की त्याचा मग धुऊन परत खुंटीला लावतात, त्यातून पुन्हा कोणी पीत नाही. कोपऱ्यातल्या एका मगाखाली खुर्ची होती आणि ती साखळीने भिंतीला बांधून टाकलेली होती. फोटोसाठी लोक ओढून नेतात म्हणून, वाटाड्या म्हणाला. मग तो त्या खुर्चीशेजारी उभा राहिला आणि त्याने घसा साफ केला. हा त्याचा आवडता मुक्काम असणार, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"मंडळी, हे एकचराव. खरं नाव आता कोणालाच ठाऊक नाही. लिफ्ट दुरुस्त करायचे. मघाशी मी दार वाजवलं ना, ते तसंच वाजवून आत यायचे, रोज. दार सताड उघडं असलं तरी. आणि काय माणूस होता म्हणता. नकला करायचा. लिफ्टमध्ये अडकलेल्या शेठजीची नक्कल, मोटर बिघडल्यावर आवाज कसा होतो त्याची नक्कल. गाणी म्हणायचा. आख्खा पब त्याच्याभोवती. आणि दर ग्लासाला म्हणायचा, बस, आता एकच. माझी मुलगी येईल मला न्यायला. ती येईपर्यंत एकच. म्हणून नाव पडलं एकचराव."

लोक हसले. काका तर दाण्यांचा ठसका लागेपर्यंत हसले. वाटाड्याने हात वर करून त्यांना थांबवलं, कारण गोष्टीतली खरी गंमत पुढेच होती. "आता ऐका. मध्येच हे एकदम गप्प व्हायचे. गाणं अर्धवट टाकून. उठायचे, दारापाशी जायचे, दार उघडून बाहेर बघायचे. मग परत येऊन बसायचे आणि म्हणायचे, नाही आली अजून. चला, तोवर एकच. असं किती वर्षं? पब बंद होईपर्यंत, रोज. आणि मुलगी?" त्याने दोन्ही तळवे पुढे करून रिकामे दाखवले. "मुलगी नव्हतीच. कोणी कधी पाहिलीच नाही. बिचारा सडाफटिंग माणूस, लग्नसुद्धा झालेलं नसावं. जुने लोक सांगतात, त्याला आणखी एक प्यायला निमित्त लागायचं, म्हणून त्याने मुलगी काढली."

तिच्या हातात सोड्याचा ग्लास होता. तो तिने जवळच्या टेबलावर ठेवला, नीट, काठापासून आत, आणि काकांपुढचा बिअरचा ग्लास उचलून एक घोट घेतला. कडू होतं. कडू आणि थंड, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे धान्याची जराशी गोडी. एवढंच? याच्यासाठी? पहिल्यांदा तिला राग आला, आणि तो कशाचा आला हे सांगितलं तर लोक हसतील. तिला गाण्यांचा राग आला. नकलांचा आला. बाप गात असे हे तिला आज एका उलट्या चालणाऱ्या परक्या पोराकडून कळत होतं. घरी मीठ हवं का एवढ्यालाही जो मान हलवायचा, त्याच्याकडे लिफ्टमध्ये अडकलेला शेठजी होता, मोटरचा आवाज होता, अख्खी जत्रा होती, आणि ती सगळी त्याने रोज इथे वाटून संपवली आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आला. आईने ती पिशवी रोज खुंटीला टांगली. आई आता तिच्याच घरी असते, ऐकू फार कमी येतं, तिने स्वतः तपासून, काकांनी स्वतः बसवून दिलेलं यंत्र आई टेबलाच्या खणात ठेवून देते आणि म्हणते, काय ऐकायचं राहिलंय आता. तिला वाटलं, आत्ता जावं आणि आईच्या कानाशी ओरडून सांगावं, अगं तो गायचा. पण मग तेच वाक्य, मुलगी येईल मला न्यायला, कानात दुसऱ्यांदा वाजलं आणि राग जागच्या जागी विरला. कारण मुलगी येत असे. कोणी पाहिली नसेल, पण ती येत असे.

ती तेव्हा चौथीत असेल, नाहीतर पाचवीत. संध्याकाळी आई कणीक मळता मळता म्हणायची, जा गं, बोलवून आण. ती पळत यायची, गल्लीच्या त्या दुसऱ्या टोकाने. मुलांना आत जायची बंदी होती आणि तसंही तिला त्या हिरव्या दाराची भीती वाटायची, आतून हसण्याचा लोंढा यायचा. ती पायरीवर उभी राहून बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायची, बाप ठोकायचा तसंच, पहिली जड, दुसरी हलकी. एकदाच. दुसऱ्यांदा ठोकायची वेळ तिच्यावर कधीच आली नाही. एवढ्या गलक्यात आणखी कोणाला ऐकू गेलं नसतं, पण आत लगेच खुर्ची सरकायची. खुर्ची सरकल्याचा तो आवाज तिला अजून ऐकू येतो. मग दार उघडायचं आणि बाप बाहेर यायचा. का आलीस नाही, चल नाही, काही नाही. दोघं चालायला लागायचे. चालताना तो हात तिच्या डोक्यावर धरायचा, पण टेकवायचा नाही. वंगण लागेल म्हणून केसांच्या जरासा वर, छपरासारखा, थेट घरापर्यंत. तिला तो हात दिसायचा नाही, पण आहे हे कळायचं. तिच्या केसांना अजूनही कधी कधी ते कळतं.

आणि एके दिवशी मावशी राहायला आली. संध्याकाळी आई म्हणाली, जा गं, बोलवून आण, आणि मावशी सुपारी फोडता फोडता थांबली. पोरीच्या जातीला असल्या दारात उभी करतेस? उद्या कोणी काही बोललं म्हणजे? आईचं मळणं थांबलं. कणकेचे हात तसेच धरून ती म्हणाली, राहू दे गं, आता जायचं नाही. उद्याही नाही. एवढंच घडलं. भांडण नाही, रडारड नाही. आईने बापाला सांगितलं नाही, कारण त्या घरात कोणी कोणाला काही सांगत नसे. बापाने विचारलं नाही, मुलगी का येत नाही, कारण त्या घरात कोणी कोणाला काही विचारत नसे. तिला वाटलं, बापानेच सांगितलं असेल, हिला पाठवू नकोस म्हणून. त्याला लाज वाटत असेल, आपण त्याला हसण्यातून उठवून आणतो, वैताग येत असेल. तिने कानाला खडा लावला आणि पुन्हा त्या गल्लीकडे फिरकली नाही. त्या दिवसापासून तो उशिरा यायला लागला, आणखी उशिरा यायला लागला. ती झोपायचं सोंग घेऊन पडायची, दोन टकटकी ऐकायची, आईचं आहोत आम्ही ऐकायची, आणि मनात म्हणायची, याला आपण नकोच आहोत. या एका वाक्यावर तिने पुढचं सगळं आयुष्य बेतलं. कोणाच्या दाराशी जायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही. दोघा जणांनी तिला आस्थेने विचारलं होतं, लग्नाचं. दोघांनाही तिने नाही म्हटलं, कारण कोणाला आपण हव्या आहोत यावर विश्वास ठेवणं तिच्या जिवावर यायचं. आणि इकडे तो या खुर्चीत बसून गाणं अर्धवट टाकत होता.

पण खरंच? तिने पुन्हा भिंतीवरच्या मगाकडे पाहिलं. मुलगी यायची थांबली हे काही दिवसांत कळतंच की माणसाला. आठवड्याने तरी. त्यानंतरही तो रोज, वर्षानुवर्षं, ती मोठी झाली, नोकरीला लागली तरी, मुलगी येईल म्हणत एकेक ग्लास रिचवत होता, ते काय होतं? वाट बघणं की निमित्त? जुने लोक म्हणतात निमित्त. त्यांनी त्याला पाहिलं होतं, तिने नाही. निमित्तच असेल. पिणाऱ्याला वारा सुटला तरी पुरतो. पण मग उठून दार कशाला उघडायचं? बसल्या जागी म्हटलं असतं तरी ग्लास मिळालाच असता. ती हे दोन्ही तराजूत टाकून बघत राहिली आणि काटा कुठल्याच बाजूला झुकेना. वाट बघत होता म्हणावं तर आपल्या एका न जाण्याने तो संपला. निमित्त होतं म्हणावं तर आपण फक्त त्याच्या दारूची फोडणी. यांतलं कुठलं बरं, हे तिला ठरवता येईना. दोन्ही सारखीच जड होती. तिला दवाखान्यातली बंद खोली आठवली आणि तिच्यात, हेडफोन घालून, हातात बटण घेऊन बसलेला बाप दिसला. आवाज आला की दाबा. तो दाबत होता, दाबतच होता, आणि काचेच्या अलीकडे कोणी नव्हतं. शेवटी इस्पितळात यकृताने हात टेकले तेव्हा तो बोलणं सोडून बसला होता. अर्धवट गुंगीत कॉटच्या लोखंडी कठड्यावर दोनदा ठोकायचा आणि मान कलती करायचा. ती शेजारीच असायची. ती विचारायची, पाणी हवं का? तो मान हलवायचा, नको. नर्स म्हणाली, अहो हात थरथरतात हो त्यांचे. तिनेही तेच खरं धरलं. कानांची परीक्षा घ्यायची ज्या बाईची रोजीरोटी, तिला तेवढं ऐकू आलं नाही.

"तर आता इथली पद्धत," वाटाड्या टाळी वाजवून म्हणाला. "दर फेरीला आपल्यातली एक जण एकचरावांची मुलगी होते. तिने या मगासमोर उभं राहून म्हणायचं, बाबा, घरी चला. आणि सगळ्या पबने एका सुरात ओरडायचं, एकच राहिला. मग पुढचा ग्लास. चला, कोण होतंय मुलगी?" शेजारच्या टेबलांवरची माणसंसुद्धा आपापले ग्लास घेऊन वळून बसली होती. त्यांना हे पाठ होतं. काउंटरवाली मुलगी लाजून मागे सरली आणि तिने दोन्ही हातांनी तिला पुढे केलं. "ताई होतील. ताई, प्लीज, काकांसाठी." काका म्हणाले, "व्हा हो ताई. तुम्हाला शोभेल." ती पुढे झाली. तो काचेचा मग तिच्या डोळ्यांसमोर आला. काठाला बारीक टवका उडालेला होता, तळाशी धूळ होती. तिने हळूच, फक्त वाटाड्याला ऐकू जाईल एवढंच म्हटलं, "मी मुलगी आहे त्यांची."

"वा," वाटाड्या खुलून म्हणाला. "हेच. अगदी हाच चेहरा ठेवा. दर फेरीला एखादी तरी असं म्हणते बघा, पण तुमच्यासारखं अजून कोणाला जमलं नव्हतं. आता जरा मोठ्याने."

डॉक्टर म्हणाले, ताई छुप्या रुस्तम निघाल्या की. काउंटरवाल्या मुलीने फोन वर धरला. तिला ओरडून सांगता आलं असतं. नाव सांगता आलं असतं, घर कुठे होतं ते सांगता आलं असतं, घासलेट आणि साबण सांगता आला असता. तिने तोंड उघडलंही. पण समोर हसायला सज्ज झालेले एवढे चेहरे होते, आणि ती काहीही बोलली असती तरी ते त्या खेळातच जमा झालं असतं. घरच्या सवयीनेच तिने ते आत ठेवलं. मग ती म्हणाली, "मुलांना आत घेत नाहीत. ती बाहेरून वाजवेल."

वाटाड्याला हे एवढं आवडलं की त्याने सगळ्यांना उभं केलं. एकूण एक माणूस उभा, ग्लास हातात, एकदम चिडीचूप, हं. ती सगळ्यांमधून वाट काढत बाहेर गेली आणि दार तिच्या मागे लागलं. गल्लीत कोणी नव्हतं. कुंड्या होत्या, फरशी होती, भिंतीवरचं ऊन पिवळं पडत चाललं होतं. ती पायरीवर चढली. काचेतून आतलं दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली, काळ्या रंगावर हात टेकला आणि बोटांच्या पेरांनी ठोकलं. पहिली जड, दुसरी हलकी. मग कान लाकडाला लावला. लाकूड गार होतं. आत कोणी बोलत नव्हतं. आणि त्या शांततेत, अगदी स्पष्ट, खुर्ची सरकली.

ती एक पाऊल मागे झाली, बाहेर येणाऱ्याला जागा द्यावी म्हणून, लहानपणी व्हायची तशीच. केस सावरायला हात वर गेला आणि तिने तो वाटेतच थांबवला, कारण त्या जागी आता दुसरा हात यायचा होता. बाबा, ती म्हणाली. घरी चला. एवढे तीन शब्द तिने आयुष्यात कधी उच्चारले नव्हते, टकटकीवरच भागायचं. आतून सगळा पब एका सुरात ओरडला, "एकच राहिला." मग हशा, टाळ्या, ग्लासांवर ग्लास आपटल्याचा आवाज. दार उघडलं नाही. ती उभी राहिली. पुन्हा वाजवावं असं तिला वाटलं, पण दुसऱ्यांदा वाजवायची त्यांची रीत नव्हती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा ती तशीच उभी होती. आधी वाटाड्या बाहेर आला, पाठीकडून, आतल्यांशी बोलत बोलत, आणि मग वळला. "कमाल केलीत. आता पुढच्या शनिवारपासून असंच करायचं, बाहेरून. तुमची हरकत नाही ना?"

"नाही. हरकत कसली."

"तुम्हाला सुचलं कसं पण?"

"असंच," ती म्हणाली. वाटाड्या समाधानाने पुढे झाला आणि चौथ्या पबमधल्या काळ्या बिअरविषयी सांगू लागला, जळलेल्या धान्याने तिला तो रंग कसा येतो ते. मंडळी त्याच्यामागे निघाली. काका मागे रेंगाळले होते, जरा डुलत होते. ती त्यांच्यासाठी थांबली. दोघं चालू लागले. तिच्या केसांवर नुसती हवा होती. मग तिने विचारलं, सहज विचारावं तसं.

"काका, मी वाजवल्यावर आत खुर्ची कोणी सरकवली हो?"

"खुर्ची?" काका थांबून आठवू लागले. "कोणी नाही बुवा. उभेच होतो की आम्ही सगळे. आणि ती एकचरावाची, ती तर साखळीने बांधलेली." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्यातला दुरुस्तीवाला जागा झाला. "ताई, सोमवारी या माझ्याकडे, तुमचेही कान एकदा बघून टाकू," ते म्हणाले, आणि सोमवारपासून आपण तिथे नसणार हे आठवून स्वतःशीच हसले.